पेठ म्हणजे बाजार

माझ्या आधार कार्डावर सोसायटीचं नाव आहे, विंगचं अक्षर आहे, फ्लॅट नंबर आहे, शिवाय 'अमुक शोरूमच्या मागे' अशी खूणही आहे. आईच्या जुन्या रेशनकार्डावर एवढं काही नव्हतं. घराचा नंबर, कसबा पेठ, पुणे. तेवढ्यावर पोस्टमन बरोबर यायचा. त्या पत्त्याचा अर्थ मात्र आमच्या घरात कुणी कधी कुणाला विचारला नाही. जुन्या कागदांत साध्या गावाला 'मौजे' म्हणत. जिथे बाजार भरे, परगण्याची कचेरी असे, ते 'कसबा'. आणि पेठ म्हणजे तर बाजारच. म्हणजे आम्ही तीन पिढ्या बाजारगावातल्या बाजारात राहत होतो आणि पाहुण्यांना सांगत होतो ते मात्र राजधानीचं, विद्येच्या माहेरघराचं.

पुण्याचा वारसा सांगताना बाजार गाळायची ही खोड जुनी आहे. वाडे सांगायचे, तटबंदी सांगायची, कुणाच्या कारकिर्दीत काय झालं ते सांगायचं. भाजी, भांडी, धान्य, कापड यांचा उल्लेख आला तर तो 'त्याशिवाय इथे मोठी बाजारपेठही होती' असा, शेवटच्या ओळीत. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्यांचं गाव बाजारगाव कसं, हा विनोदही आमचाच. पण जे शहर आपण वाचवायला निघालो आहोत ते नेमकं काय आहे, हे चुकलं की वाचवण्याची पद्धतही चुकते. पुण्यात ती चुकली आहे, असं माझं मत आहे. दगड राखण्याचे नियम आहेत. ज्या व्यवहारामुळे तो दगड इथे आला त्या व्यवहाराला मात्र आपण अतिक्रमण म्हणतो.

आपले देव याबाबतीत आपल्यापेक्षा प्रामाणिक आहेत. बुधवार पेठेत पासोड्या विठोबा आहे. त्याच्यापुढे पासोड्यांचा, म्हणजे जाड पांघरुणांचा, बाजार भरे म्हणून त्याचं ते नाव. शनिवारवाड्याच्या पुढ्यात बटाट्या मारुती आहे, कारण भाजीबाजार तिथे भरायचा. सोन्या मारुतीच्या आसपास सराफ. जिलब्या मारुतीच्या नावाच्या तर दोन-तीन कथा आहेत. त्यातली कुठलीही घ्या, जिलबी सुटत नाही. आणि आज ज्याच्या दर्शनाला बाहेरगावच्या बस भरून येतात तो गणपती ओळखला जातो तो एका मिठाईवाल्याच्या नावाने, दगडूशेठ हलवाई यांच्या. भाऊ रंगारी गणपतीच्या नावातही धंदाच आहे. ज्या गावाने विठोबाला पासोडी आणि मारुतीला बटाटा चिकटवला, त्या गावाची प्रकृती कोणती हे सांगायला इतिहासाचा प्राध्यापक नको.

आता आख्यायिका. शनिवारवाड्याची सगळ्यांना पाठ आहे: बाजीरावांनी पाहिलं की एक ससा कुत्र्यांचा पाठलाग करतो आहे, ही भूमी शूरांची म्हणून तिथेच वाडा बांधायचा ठरलं, १० जानेवारी १७३० ला पायाभरणी झाली. तारीख खरी आहे. ससा मात्र फिरता आहे. हाच ससा विजयनगरच्या जन्मकथेत कुत्र्यांवर उलटतो, हाच अहमदाबादच्याही. राज्यकर्त्याने जागा निवडली की तिथे ससा हजर. माझी त्याबद्दल तक्रार नाही, गोष्ट छान आहे, मीही ती मुलांना सांगितली आहे. पण ती पुण्याची म्हणून खास नाही.

खास पुण्याची गोष्ट गाढवाच्या नांगराची. १६३०च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे कसबा जाळला, उद्ध्वस्त केला, गाढवाचा नांगर फिरवला, पहार ठोकून तिला फाटकी वहाण टांगली, असं सांगतात. पुढे जिजाबाई बाल शिवाजीला घेऊन आल्या आणि त्यांनी सोन्याच्या फाळाच्या नांगराने जमीन नांगरली. लाल महालात हा प्रसंग शिल्पात पाहायला मिळतो. (आत्ताचा लाल महाल महानगरपालिकेने १९८०च्या दशकात बांधलेला आहे. शाळेच्या सहलीतल्या मुलांना हे कुणी सांगत नाही आणि ती चारशे वर्षांपूर्वीच्या भिंतीला हात लावल्याच्या भावाने हात लावतात.)

या गोष्टीकडे शौर्याची किंवा शकुन-अपशकुनाची कथा म्हणून पाहायची सवय आपल्याला लागली आहे. मला ती बाजारगावाची कथा वाटते. गाढवाचा नांगर ही एक जाहीर नोटीस आहे: इथे जो वस्ती करील त्याच्या पाठीशी कुणी नाही. बाजारगाव मारायला घरं जाळावीच लागतात असं नाही, हमी काढून घेतली की पुरे. वाणी-उदमी उद्या दुसऱ्या कसब्यात दुकान मांडतात. त्यात १६३० ते ३२ ही दख्खनच्या मोठ्या दुष्काळाची वर्षं. सोन्याचा नांगर म्हणजे ती हमी परत देणं. दादोजी कोंडदेवांच्या काळात पळालेली रयत परत आणली ती कौल, म्हणजे सरकारी हमी, देऊन, पहिली काही वर्षं सारा नाममात्र आणि मग इस्ताव्याने, म्हणजे दरवर्षी थोडा थोडा, चढता. सोनं होतं ते त्या कौलात. फाळ सोन्याचा होता की नव्हता यावर वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा.

हीच रीत पुढे पेठा वसवताना दिसते. पेठ वसवायची म्हणजे आधी कुणाला तरी शेटेपणाचं आणि महाजनकीचं वतन, म्हणजे बाजारावर देखरेख करायचा वंशपरंपरेचा हक्क, द्यायचं, येणाऱ्या दुकानदारांना काही वर्षं जकातीची आणि करांची सूट द्यायची, मग गिऱ्हाईक आपोआप येतं. लहानपणी आम्हाला सांगत की ज्या वारी जिथे बाजार भरे तो वार त्या पेठेला मिळाला. कागद इतके सरळ नाहीत. मंगळवार ही आधी अष्टापूर होती, सोमवार शहापूर, रविवार मलकापूर. १७०३ मध्ये औरंगजेबाचा मुक्काम पुण्यात पडला तेव्हा आलेलं मुहियाबाद हे नाव बुधवार पेठेला चिकटलं आणि पेशवाईत गळून पडलं. गंज पेठ मिठाची. भवानी पेठ आधी बोरबन, म्हणजे बोरींचं रान. नाना पेठ नाना फडणवीसांनी वसवली. राज्य मोगलांचं असो, छत्रपतींचं की पेशव्यांचं, जो येई तो आधी बाजार बसवी. नावं बदलली, दुकानांची फळी मात्र रोज सकाळी निघत राहिली.

त्याहून मागे जायचं तर राष्ट्रकूटांचे इसवी सन ७५८ आणि ७६८ चे ताम्रपट आहेत, त्यांत 'पुण्य विषय', 'पूनक विषय' अशी नावं येतात. विषय म्हणजे जिल्हा. म्हणजे तेव्हाही या नावाभोवती आसपासची गावं बांधलेली होती. मुठा ही काही जहाजांची नदी नव्हे. तिने कसब्याला दिला तो उतार, दिलं ते पाणी आणि माती. घाट उतरून कोकणात जाणाऱ्या-येणाऱ्या बैलांना नदी ओलांडायला जागा हवी, कुंभाराला गाळ हवा, रंगाऱ्याला वाहतं पाणी हवं. कसब्यात कागदीपुरा आहे. आज नुसतं नाव उरलं आहे, पण तिथे हातकागद करणारे कारागीर राहत आणि लगदा कुटायला, धुवायला पाणी लागतं ते भरपूर. ज्या दप्तरांच्या जोरावर आपण पेशवाईचा इतिहास लिहितो ती दप्तरं कागदावर आहेत, आणि कागद कुणीतरी गुडघाभर पाण्यात उभं राहून केलेला आहे. कागदीपुऱ्यात तसं सांगणारी एक पाटी लावायला किती खर्च येईल?

बाजाराला पहिल्यांदा उचलून दुसरीकडे नेलं ते इंग्रजी अमदानीत. भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरे. १८२८च्या आगीनंतर वाड्याचा तटच काय तो राहिला होता, पण बाजार चालू होता, ही गोष्ट मला फार सूचक वाटते. १८८६ मध्ये नवी मंडई उघडली, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने. अष्टकोनी, मधे उंच मनोरा, दगडी कमानी. नगरपालिकेत असताना या खर्चाला जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता. गोरगरिबांच्या शिक्षणाला पैसा नसताना मंडईच्या इमारतीवर तो कशाला, असा त्यांचा सवाल. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने मंडईला नाव मिळालं ते त्याच फुल्यांचं. पुणे अशा रीतीने हिशेब चुकते करतं.

तरीही मंडईचं स्थलांतर साधलं, हे मान्य करायला हवं. कारण ती बाजारासाठी बांधलेली होती. ओटे विक्रेत्याच्या बैठकीच्या मापाचे, छप्पर उंच, हवा खेळती. आजही मंडईत ओट्यावर बसलेल्या बाईच्या नजरेच्या पातळीत गिऱ्हाइकाची पिशवी येते. मी एकदा पिशवीत आधीच घेतलेली गवार लपवून दुसरीकडे भाव विचारला, तर "ताई, गवार घेतलीये, आता फक्त चौकशी, हो ना?" असं ऐकून घेतलं. 'मंडई विद्यापीठ' हा शब्द उगाच रूढ झालेला नाही.

आता मुद्द्याचं. आज जुन्या पुण्याच्या वारशावर दोन कायदे बोलतात. त्यातला एक सगळ्यांना माहीत आहे, दुसरा जवळजवळ कुणालाच नाही.

पहिला प्राचीन स्मारकांचा, १९५८चा. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढचे २०० मीटर परवानगीवर. शनिवारवाडा असं स्मारक आहे आणि तो मोकळ्या माळावर नाही, कसबा आणि शनिवार पेठेला खेटून आहे. त्यामुळे भोवतालचे वाडे आणि घरं वर्षानुवर्षं अडकून पडली आहेत. दुरुस्तीला परवानगी मिळू शकते, पण ज्याच्या तुळईला वाळवी लागली आहे, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाय ठेवायचा नाही हे पाहुण्याला आधी सांगावं लागतं, त्या घराला दुरुस्ती म्हणजे काय? माझी मावशी अशाच वाड्यात भाडेकरू होती. भाडं इतकं कमी की मालक ते मागायलाही येत नसे. चार बिऱ्हाडांत एक संडास. पावसाळ्यात पहिल्या जोराच्या सरीनंतर सगळे अंगणात येऊन मागच्या भिंतीकडे बघत उभे राहत. 'वाडा संस्कृती'वर गहिवरून बोलणाऱ्यांत मी नाही, ती या मावशीमुळे. आमच्या घरानेही कसबा सोडला आणि फ्लॅट घेतला. त्याबद्दल कुणालाही अपराधी वाटत नाही.

म्हणून वाडे आहेत तसे ठेवा असं मी म्हणणार नाही. पण एक वाडा पाडून त्या जागी इमारत होते तेव्हा नेमकं काय जातं, ते जवळून पाहण्यासारखं आहे.

आईचा तांब्याचा बंब बुडाशी गळायला लागला म्हणून मी मागच्या हिवाळ्यात तो तांबट आळीत नेला. बंब आता कुणी पेटवत नाही, आम्हीही नाही, पण तो आईचा. आळीच्या तोंडाशीच ठोक्यांचा आवाज येतो. आधी सगळा गोंगाट वाटतो, मग कळतं की दोन वेगळे ठोके आहेत, एक जड, आकार देणारा, एक हलका, सारख्या अंतराने पडणारा. हलका ठोका मठारकामाचा. त्याने भांड्यावर खळ्यांची नक्षी उठते. ती नुसती शोभेची नव्हे, ठोकण्याने पत्रा कडक होतो, भांडं टिकतं. हे तांबट पेशवाईत कोकणातून आले. हंडे, कळश्या, घंगाळी, बंब, असं सगळ्या पुण्याचं पाणी त्यांच्या हाताखालून गेलं. तिथल्या एका तांबट काकांनी बंब उलटा केला, बुडावर बोट फिरवलं आणि गळती कुठे आहे ते पाणी न घालता सांगितलं.

मी त्यांना विचारलं, "काका, इथे नवी इमारत झाली तर?"

"होऊ दे की. आम्हाला काय गळकं छप्पर आवडतंय? पोरांना खोल्या पायजेत." ठोकणं चालूच. "पण खाली ठोकायला जागा द्या म्हणावं. दुसऱ्या मजल्यावर मला कोण भट्टी लावू देणारे? वरचा माणूस पहिल्याच दिवशी पोलिसात जाईल आवाजाची तक्रार घेऊन. त्याचं पण बरोबरे."

एवढंच. पुनर्विकासाच्या नियमांत तळमजल्याला पार्किंग किती, हे इंचापर्यंत ठरलेलं असतं. ज्या आळीचं नावच धंद्यावरून पडलं आहे, तिथे तळमजल्याचा काही भाग त्या धंद्याला राखून ठेवायचा, तिथे दिवसा ठराविक तास आवाज होणार हे वरच्या फ्लॅटच्या करारात आधीच लिहायचं, आणि त्याबदल्यात बांधणाऱ्याला थोडं जास्त बांधकाम द्यायचं, यात अशक्य ते काय? पेशवाईतल्या कारकुनाला कळत होतं की सूट दिल्याशिवाय उदमी येत नाही. बुरुड आळी, बोहरी आळी, कापडगंज, प्रत्येकाची गरज निराळी. बोहरी आळीत सकाळी टेम्पो लागायला जागा हवी, बुरुडाला बांबू आडवा करायला लांबी हवी. दर्शनी भागाला जुन्या पद्धतीच्या लाकडी कमानी लावा आणि आत काहीही करा, ही वारसा जपण्याची तऱ्हा सोपी आहे, म्हणून ती आवडते.

दुसरा कायदा २०१४चा, पथविक्रेत्यांचा. त्याच्या अनुसूचीत एक ओळ आहे, ती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा परत वाचली. ज्या नैसर्गिक बाजारांत पथविक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ धंदा करत आहेत ते 'वारसा बाजार' म्हणून जाहीर करावेत आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. वारसा आणि बाजार, दोन्ही शब्द एकाच ओळीत, संसदेने मंजूर केलेले. तुळशीबागेच्या परिसरातले, मंडईच्या भोवतालचे, बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातले विक्रेते, यांची पन्नास वर्षं कधीच होऊन गेली आहेत. यांच्याबद्दल बातमी येते तेव्हा तीत शब्द मात्र येतो तो 'अतिक्रमण' आणि 'कारवाई'.

इथे एक आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. तुळशीबागेत गर्दीच्या दिवशी आग लागली तर बंब आत जाईल का? (हा बंब वेगळा.) रस्त्यात मांडणाऱ्यामुळे ज्याचं मागे रीतसर दुकान आहे, जो कर भरतो, त्याने काय करायचं? आणि पन्नास वर्षांच्या नावाखाली काल आलेला माणूस तीच जागा पोटभाड्याने घेऊन बसला असेल तर? या तिन्ही प्रश्नांना उत्तर आहे, आणि ते हद्द आखण्याचं आहे. जाहीर केलेल्या बाजाराला हद्द असते, जागांची संख्या असते, मधली वाट किती रुंद ठेवायची ते असतं, कुणाची जागा कोणती याची नोंद असते. आज यातलं काही पक्कं नाही म्हणूनच एक दिवस सगळे उठतात आणि दुसऱ्या दिवशी सगळे परत बसतात. शेटे-महाजनांचं काम तरी दुसरं काय होतं? कुणी कुठे बसायचं आणि माप खरं आहे की नाही, एवढंच ते पाहत.

नदीचंही तेच होऊ घातलं आहे. आजीच्या बोलण्यात दोन काळ होते, 'पुराआधी' आणि 'पुरानंतर'. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं. नदीकाठच्या पेठांतली कितीतरी बिऱ्हाडं त्यानंतर गावाबाहेरच्या पूरग्रस्त वसाहतींत गेली ती परत आली नाहीत. नदीकडे पाठ करून उभं राहायची सवय पुण्याला त्यानंतर लागली असावी. आता ४४ किलोमीटर नदीकाठ सुधारण्याचा प्रकल्प चालू आहे. पात्र अरुंद होण्याची भीती अभ्यासकांनी वारंवार बोलून दाखवली आहे, आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत खडकवासला धरणाचं पाणी शिरलं तेव्हा ती भीती कागदावरची राहिली नाही. माझा प्रश्न त्याहून लहान आहे. काठावरच्या संकल्पचित्रांत सायकल चालवणारे तरुण असतात, कुत्रं फिरवणाऱ्या बाई असतात, कारंजं असतं. कुंभारवाड्यातला गणपती वाळत घालायला लागणारं ऊन कुणाच्या वाट्याला येणार, हे त्या चित्रात शोधून सापडत नाही. नदीकाठ शोभिवंत झाला की पहिल्यांदा जातो तो तिथे काम करणारा माणूस. कसब्याच्या काठावर तरी काम करणाऱ्यांचा हक्क आधी लिहून ठेवावा, मग फरशा बसवाव्यात.

मागच्या रविवारी जुन्या बाजारात गेले होते. गंजलेले पाने, कुलपांशिवायच्या किल्ल्या, कुणाच्या तरी लग्नातला ग्रामोफोन, एका पायाचा सोफा. एका पोत्यावर पितळेचं मापटं दिसलं, कडेला जुना शिक्का, आतून वापराने गुळगुळीत. विकणारा विशीतला मुलगा होता. त्याने साडेसहाशे सांगितले, मी अडीचशे म्हणाले, साडेतीनशेला तुटलं. पिशवीत घालताना त्याने विचारलं, "काय मोजणार यात?"

मी काहीतरी पुटपुटले. मापटं टीव्हीशेजारी ठेवलंय. त्यात पेनं आहेत.